नागीण बरी झाली, मग वेदना का जात नाही?

छातीवर, पाठीवर किंवा कमरेवर एकाच बाजूला पुरळ उठते. त्यात पाणी भरते, फोड फुटतात, खपली धरते आणि तीन-चार आठवड्यांत कातडी कोरडी होते. घरातले म्हणतात, ‘नागीण गेली’. पण काही रुग्णांचा खरा त्रास तिथून पुढे सुरू होतो. जिथे फोड होते तिथे आता काहीच दिसत नाही, पण आग होते, कळा येतात, अंगावरचा सदरा घासला तरी जीव कळवळतो. हे काही महिने चालते, काहींच्या बाबतीत काही वर्षे. या दुखण्याला वैद्यकशास्त्रात ‘पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया’ म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ते ‘पीएचएन’ असते.

गेल्या दोन-तीन वर्षांत नागीण हा विषय अचानक चर्चेत आला आहे. २०२३ मध्ये तिची नवी लस भारतात आली, नामवंत अभिनेत्यांना घेऊन जनजागृतीच्या जाहिराती झाल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये नागिणीच्या लशीचा स्मृतिभ्रंशाशी संबंध जोडणारे संशोधन ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या संदेशांत खऱ्याबरोबर खोटेही बरेच मिसळले. नागिणीनंतर नसा का दुखत राहतात, ते कितपत टाळता येते आणि आपल्याकडे नेमके अडते कुठे, याविषयी.

नागीण म्हणजे नेमके काय?

नागीण आणि कांजिण्या हे दोन आजार एकाच विषाणूमुळे होतात. त्याचे नाव व्हॅरिसेला झोस्टर. लहानपणी कांजिण्या येतात, आठ-दहा दिवसांत जातात; पण विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो पाठीच्या कण्यालगत असलेल्या मज्जापेशींच्या छोट्या गुच्छांमध्ये आणि चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन निपचित पडून राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला तिथे दाबून ठेवते.

पुढे वय वाढले, एखाद्या आजाराने किंवा औषधाने प्रतिकारशक्ती उतरली, की तोच विषाणू जागा होतो. ज्या मज्जातंतूत तो दडलेला असतो त्याच मज्जातंतूच्या वाटेने तो कातडीपर्यंत येतो आणि त्या तंतूच्या हद्दीतल्या पट्ट्यावर फोड उठवतो. म्हणजे नागीण बाहेरून येत नाही. ती आपल्याच शरीरात दबा धरून बसलेल्या जुन्या विषाणूची दुसरी खेळी असते.

ही गोष्ट ठामपणे मांडणारा माणूस एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ नव्हता. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या लहान गावातले फॅमिली डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या रुग्णांच्या १६ वर्षांच्या नोंदी ठेवल्या आणि १९६५ मध्ये हा सिद्धांत मांडला. वय वाढते तसे नागिणीचे प्रमाण वाढते, हेही त्यांच्या नोंदींतून स्पष्ट दिसले.

अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेच्या अंदाजानुसार दर तीन माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नागीण होते. म्हणजे हा दुर्मीळ आजार मुळीच नाही.

‘विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो’, हे खरे का?

महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक घरात ऐकलेली ही समजूत आहे. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडले, कमरेभोवती विळखा पूर्ण झाला, की रुग्ण वाचत नाही असे सांगतात. पट्ट्यासारखे पुढे सरकणारे पुरळ पाहून हे नाव आणि ही भीती आली असावी, हे समजण्यासारखे आहे.

शरीररचना मात्र वेगळे सांगते. पाठीच्या कण्यातून डावीकडे आणि उजवीकडे मज्जातंतूंच्या वेगवेगळ्या जोड्या निघतात. डावा तंतू शरीराच्या डाव्या अर्ध्या भागाला, उजवा उजव्या भागाला. विषाणू बहुतेक वेळा एकाच बाजूच्या एकाच तंतूत जागा होतो. त्यामुळे पुरळ पाठीच्या मधल्या रेषेपासून निघते आणि पोटाच्या मधल्या रेषेशी येऊन थांबते. विळखा पूर्ण होत नाही तो यामुळे. डॉक्टर हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्पबेल यांनी १९०० मध्ये नागिणीच्या मृत रुग्णांच्या मज्जासंस्थेची तपासणी केली, तेव्हा कातडीचा कोणता पट्टा कोणत्या तंतूच्या ताब्यात आहे याचा नकाशाच त्यांना तयार करता आला.

क्वचित दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड उठतात. कर्करोगाचे उपचार, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही अशा कारणांनी प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांमध्ये हे दिसते. तिथे धोका खरोखर मोठा असतो, पण तो विळख्यामुळे नव्हे, तर प्रतिकारशक्ती कोसळल्यामुळे.

या समजुतीचे खरे नुकसान वेगळेच आहे. विळखा अडवण्यासाठी म्हणून गेरू किंवा वेगवेगळे लेप लावणे, मंत्र घालून ‘नागीण उतरवणे’ यात पहिले दोन-तीन दिवस जातात. पुरळ तसेही काही आठवड्यांत आपोआप बरे होते, त्यामुळे श्रेय त्या उतरवण्याला मिळते. मात्र औषधाचा सर्वाधिक उपयोग होण्याचे दिवस हेच असतात.

पुरळ गेल्यावरही वेदना का राहते?

कारण नागीण दिसते कातडीवर, पण आजार असतो मज्जातंतूचा. विषाणू जागा होतो तेव्हा तंतूच्या मुळाशी जोरदार दाह होतो. काही मज्जापेशी मरतात, काही तंतू कायमचे जखमी होतात. कातडी नवी येते. मज्जातंतू इतक्या सहज भरून येत नाहीत.

जखमी तंतू दोन प्रकारे त्रास देतात. पहिला प्रकार म्हणजे ते कारण नसताना संदेश पाठवू लागतात. कातडीला काहीही झालेले नसते, तरी मेंदूला ‘इथे भाजते आहे’ असा निरोप जात राहतो. विजेच्या वायरचे आवरण उसवल्यावर मधूनच ठिणगी उडावी, तसा हा प्रकार.

दुसरा प्रकार अधिक खोलवरचा आहे. सतत येणाऱ्या वेदनेच्या निरोपांमुळे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतील पेशीच अतिसंवेदनशील होतात. एरवी वेदनेला लगाम घालणारी यंत्रणा तिथे असते, तीही दुबळी पडते. मग साध्या स्पर्शाचा निरोपसुद्धा वेदना म्हणून वाचला जातो. पंख्याचा वारा, पदराची कड, अंगावरची चादर यांनी दुखू लागते ते त्यामुळे. गंमत अशी की, त्याच जागी काहींना टाचणीचा स्पर्श नीट कळतही नाही. जागा बधीरही असते आणि दुखतही असते. रुग्ण हे सांगतो तेव्हा घरच्यांना ते विसंगत वाटते. पण तंतू मेले म्हणून बधिरता आणि उरलेले बिथरले म्हणून वेदना, अशी दोन्हीची कारणे एकाच वेळी हजर असतात.

पुरळ उठल्यापासून तीन महिने उलटूनही वेदना टिकली, तर तिला साधारणपणे पीएचएन म्हणतात.

हा त्रास किती जणांना होतो?

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रानुसार नागीण झालेल्यांपैकी १० ते १८ टक्के रुग्णांना पीएचएन होते. पण ही सरसकट सरासरी आहे. चाळिशीच्या आतल्या रुग्णांत पीएचएन क्वचित दिसते. साठी ओलांडल्यावर धोका झपाट्याने वाढतो आणि त्रास टिकतोही जास्त काळ.

वयाखेरीज आणखी काही गोष्टी धोका वाढवतात. फोड येण्याआधीच त्या जागी जोराची वेदना असणे, फोड येतानाची वेदना फार तीव्र असणे, पुरळ मोठ्या भागावर पसरणे, डोळ्याच्या भागात नागीण होणे आणि प्रतिकारशक्ती कमी असणे, ही त्यातली ठळक कारणे. मधुमेहींना नागीण होण्याचा धोकाही जास्त असतो आणि नंतर वेदना राहण्याचाही.

भारतासाठी हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दुसरीकडे, साठीपुढच्या लोकांची संख्या २०२२ मध्ये सुमारे १४ कोटी ९० लाख होती आणि २०५० पर्यंत ती ३४ कोटींच्या पुढे जाईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. वय आणि मधुमेह या दोन्ही बाजूंनी धोक्यात असलेल्यांची संख्या येत्या काळात वाढतच जाणार आहे.

वेदनेखेरीज आणखी काय होऊ शकते?

नागीण नेहमी छातीवर किंवा कमरेवरच उठते असे नाही. ती कोणत्या मज्जातंतूत जागी झाली, यावर गुंतागुंत ठरते.

डोळा : दर दहा रुग्णांपैकी एक ते दोघांमध्ये कपाळ आणि डोळ्याच्या भागात नागीण होते. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला धोका जास्त असतो, कारण नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच तंतूच्या फांदीतून संवेदना मिळते. उपचार लांबले तर नजर कायमची जाऊ शकते. अशा रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे लागते.

कान आणि चेहरा : कानात फोड, कानदुखी आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे या प्रकाराला ‘रॅम्से हंट सिंड्रोम’ म्हणतात. गायक जस्टिन बीबरने जून २०२२ मध्ये आपल्याला हा आजार झाल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच्या चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती. तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. नागीण फक्त म्हाताऱ्यांनाच होते, हा समज किती अपुरा आहे हे त्यातून जगाला दिसले. या आजारात ऐकू येणे कमी होणे आणि चक्कर येणे, हेही दिसते.

स्नायू आणि मेंदू : काही वेळा संवेदनेबरोबर हालचालीचे तंतूही सापडतात आणि हात, पाय किंवा पोटाचे स्नायू दुबळे होतात. कमरेखालच्या नागिणीत लघवी अडण्याचा त्रास होऊ शकतो. क्वचित मेंदूज्वर किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. नागिणीनंतरच्या काही आठवड्यांत पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

पहिले ७२ तास का महत्त्वाचे?

अ‍ॅसायक्लोव्हीर, व्हॅलासायक्लोव्हीर आणि फॅमसायक्लोव्हीर या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. अ‍ॅसायक्लोव्हीरच्या मागे असलेल्या संशोधनात मोठा वाटा असणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे औषध आज सहज मिळते. पण ते विषाणूची वाढ थांबवते. झालेले नुकसान भरून काढत नाही. म्हणून पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करण्याचा आग्रह असतो. त्यानंतरही नवे फोड येत असतील, डोळ्याला धोका असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टर औषध देतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलावी लागते, त्यामुळे ही गोळी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आणून खाण्याची नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वेळेत गोळ्या घेतल्या की पुरळ लवकर बरे होते आणि सुरुवातीची वेदना कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. मात्र त्यामुळे पीएचएन हमखास टळते, असे अभ्यासांत ठामपणे दिसलेले नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही ती टळत नाही. म्हणजे वेळेत उपचार घेऊनही एखाद्याची वेदना टिकू शकते. त्यात ना रुग्णाची चूक असते, ना डॉक्टरची.

अडचण अशी की, पुरळाच्या एक ते पाच दिवस आधीच वेदना सुरू होते आणि तेव्हा कातडीवर काहीच दिसत नाही. डाव्या छातीत दुखले तर हृदयविकाराची शंका येते, कुशीत दुखले तर मूतखड्याची, गालात दुखले तर दाताची. ईसीजी आणि सोनोग्राफी काही दाखवत नाही आणि तिसऱ्या दिवशी पुरळ उठते. छातीत दुखल्यावर आधी हृदयाची तपासणी करणे योग्यच. पण ती नीट आली आणि पट्ट्यासारखी एकाच बाजूला आग होत असेल, तर पुढचे चार-पाच दिवस रोज ती जागा उजेडात पाहणे गरजेचे आहे. पाठीवरचे पुरळ रुग्णाला स्वतःला दिसत नाही, ही साधी गोष्टसुद्धा उशिराचे कारण ठरते.

डॉक्टर फिटची आणि नैराश्याची गोळी का देतात?

पीएचएनवर पॅरासिटामॉलसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, कारण त्या वेगळ्या प्रकारच्या दुखण्यासाठी असतात. पाय मुरगळला की तिथली इजा दुखते. पीएचएनमध्ये निरोप नेणारी यंत्रणाच बिघडलेली असते. त्यामुळे त्या यंत्रणेवर काम करणारी औषधे द्यावी लागतात.

गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन ही मुळात फिट येण्यावरची औषधे. बिथरलेल्या तंतूंचा अतिउत्साह ती कमी करतात. अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे मज्जारज्जूतील वेदनेला लगाम घालणाऱ्या यंत्रणेला बळ देतात. पहिली दोन यासाठी नैराश्यापेक्षा बऱ्याच कमी मात्रेत दिली जातात.

गोळीचे नाव इंटरनेटवर शोधले की ‘डिप्रेशन’ किंवा ‘एपिलेप्सी’ असे दिसते आणि रुग्ण दुखावतो. ‘डॉक्टरांना वाटते मी मनाने दुखणे काढतोय’ असा समज होतो आणि गोळी बंद होते. हे टाळायचे तर डॉक्टरांनी चिठ्ठी देतानाच एक वाक्य सांगणे पुरेसे ठरते, की ही गोळी नसांच्या दुखण्यासाठी आहे.

दुसरी अपेक्षा वेळेची. या गोळ्या घेतल्याबरोबर आराम पडत नाही. कमी मात्रेपासून सुरुवात करून ती हळूहळू वाढवतात आणि फरक दिसायला काही आठवडे लागतात. वेदना पूर्ण जाईलच असे नाही. ती निम्म्यावर आली आणि रात्री झोप लागू लागली, तरी ते उपचाराचे यश मानले जाते. झोप येणे, चक्कर, तोंड कोरडे पडणे हे त्रास होऊ शकतात. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका असतो, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावे लागते. अमिट्रिप्टिलिन हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना जपून द्यावी लागते. आणि यातली कुठलीही गोळी मनाने अचानक बंद करायची नसते.

याशिवाय लिडोकेनचे पट्टे दुखऱ्या जागेवर लावतात. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सायसिन या द्रव्याचे मलम किंवा पट्टाही वापरला जातो. मात्र तो फोड भरून आल्यावरच. या सर्वांनी भागले नाही तर वेदनातज्ज्ञ नसेजवळ इंजेक्शन देण्याचा पर्याय पाहतात. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आता वेदनेसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहेत. पण नागिणीनंतरच्या वेदनेसाठी तिथे जायचे असते, हेच अनेकांना माहीत नसते.

लशीचा उपयोग किती?

पीएचएनवर खात्रीचा उपचार नसल्याने मुळात नागीणच होऊ न देणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग ठरतो. पहिली लस झोस्टाव्हॅक्स अमेरिकेत २००६ मध्ये आली. ती दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूची होती. ३८ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत तिने नागिणीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी आणि पीएचएनचे सुमारे ६७ टक्क्यांनी कमी केले. वय जास्त असलेल्यांमध्ये मात्र ती नागीण रोखण्यात कमी पडत असे आणि तिचा प्रभाव काही वर्षांत ओसरत असे.

दुसरी लस शिंग्रिक्स. अमेरिकेत तिला २०१७ मध्ये परवानगी मिळाली आणि भारतात ती २०२३ मध्ये आली. यात जिवंत विषाणू नाही. विषाणूचे एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारा घटक असतो. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस दंडात घ्यायचे असतात. ५० वर्षांवरील लोकांवरच्या चाचणीत तिने नागीण सुमारे ९७ टक्के रोखली, तर सत्तरीपुढच्यांमध्ये सुमारे ९० टक्के. सत्तरीपुढच्यांमध्ये पीएचएनपासूनचे संरक्षण सुमारे ८९ टक्के दिसले. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही ती देता येते, हा जुन्या लशीच्या तुलनेत मोठा फायदा.

त्रास काय होतो? दंड दुखणे, अंगदुखी, थकवा, थंडी-ताप हे बऱ्याच जणांना होते आणि दोन-तीन दिवसांत जाते. गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा अतिशय दुर्मीळ धोका नोंदला गेला असून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये तशी सूचना लशीच्या माहितीपत्रकात घातली. ६५ वर्षांवरील लोकांत दर दहा लाख डोसमागे सुमारे तीन जादा रुग्ण, असा तो अंदाज आहे.

लस नागीण झाल्यावरचा उपचार नाही. आधीच पीएचएन असलेल्याने ती घेतली म्हणून जुनी वेदना जात नाही. मात्र नागीण पुन्हा होऊ शकते, त्यामुळे ती बरी झाल्यावर पुढच्या संरक्षणासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घेता येते.

लशीमुळे स्मृतिभ्रंश टळतो का?

व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वाधिक फिरलेला दावा हाच. त्याच्या मुळाशी असलेले संशोधन खरे आहे आणि रंजकही. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस देताना वयाची काटेकोर अट होती. २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळू शकत होती, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली दोन माणसे इतर सर्व बाबतींत सारखीच असणार. त्यामुळे संशोधकांना जणू आयती चाचणीच मिळाली. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे नवे निदान सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले.

पण हा अभ्यास झोस्टाव्हॅक्स या जुन्या लशीवरचा आहे. हे का घडते, याचे कारण अजून सिद्ध झालेले नाही. २० टक्क्यांनी कमी याचा अर्थ ‘होतच नाही’ असाही नाही. लस घ्यायची ती नागीण आणि तिच्या मागच्या वेदना टाळण्यासाठी. स्मृतिभ्रंशाबाबतचा फायदा ही आज तरी आशादायक शक्यता आहे, हमी नाही.

भारतात अडते कुठे?

पहिली अडचण किमतीची. शिंग्रिक्सचा एक डोस दहा हजार रुपयांच्या आसपास जातो. म्हणजे एका माणसाला वीस हजार, आणि घरातल्या आजी-आजोबा दोघांना मिळून चाळीस हजारांच्या घरात. निवृत्तिवेतन नसलेल्या कुटुंबाला हा खर्च झेपणारा नाही. ब्रिटनमध्ये ठरावीक वयोगटाला ही लस सरकारी यंत्रणेतून मोफत मिळते, ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२३ पासून ६५ वर्षांवरील सर्वांना ती मोफत केली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचा भर मुले आणि गर्भवतींवर आहे. नागिणीची लस त्यात नाही, आणि कांजिण्यांचीही नाही.

दुसरी अडचण विम्याची. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्या सर्वांचा समावेश झाला. पण ही योजना रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च उचलते. पीएचएनचा रुग्ण दाखल होत नाही. तो दर महिन्याला गोळ्या घेतो, डॉक्टरकडे जातो आणि रात्री जागतो. हा सगळा खर्च खिशातून होतो आणि कुठल्याच सरकारी आकड्यात दिसत नाही.

तिसरी अडचण जागृतीची. सध्या लोकांपर्यंत पोहोचणारी माहिती मोठ्या प्रमाणावर लस विकणाऱ्या कंपनीच्या मोहिमेतून येते. त्यातली माहिती चुकीची नसली, तरी तिचा भर साहजिकच लशीवर असतो. ज्याला लस परवडत नाही त्याच्यासाठी ‘पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू करा’ हा निरोप सर्वांत महत्त्वाचा. तो देण्याचे काम प्राथमिक आरोग्य केंद्र, आशा कार्यकर्ती आणि गावातला डॉक्टरच करू शकतो. यासाठी नवे औषध लागत नाही, की मोठा निधी.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

• एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग आणि नंतर पाण्याचे फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. चेहऱ्यावर, डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर किंवा कानात फोड असतील तर एक दिवसही थांबू नये.

• नागिणीच्या रुग्णापासून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत आणि त्यांची लसही घेतलेली नाही, त्याला फोडांतील पाण्यामुळे कांजिण्या होऊ शकतात. खपली धरेपर्यंत फोड झाकावेत आणि तान्ही बाळे, कांजिण्या न आलेल्या गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना लांब ठेवावे. रुग्णाला वाळीत टाकण्याची गरज नाही.

• फोडांवर गेरू, चुना किंवा पाल्याचे लेप लावू नयेत. त्यांनी जंतुसंसर्ग होऊ शकतो. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवावी, कपडे सैल आणि सुती असावेत.

• पुरळ गेल्यावरही दुखत असेल तर ‘जाईल हळूहळू’ म्हणून महिनोन्‌महिने काढू नयेत. डॉक्टरांना पुन्हा भेटून ‘नागिणीच्या जागी अजून आग होते, कपडा सहन होत नाही’ असे नेमके सांगावे.

• पन्नाशीपुढच्यांनी, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी, लशीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे. अंगावर फोड असताना लस घ्यायची नसते.

पीएचएनच्या रुग्णाचे सर्वांत मोठे दुःख बहुधा हेच असते की, त्याचे दुखणे कोणाला दिसत नाही. कातडी बरी झालेली असते, तपासण्या नीट येतात, आणि सहा महिन्यांनीही सदरा न घालता बसणारे आजोबा घरच्यांना हट्टी वाटू लागतात. झोप उडते, भूक मंदावते, बाहेर जाणे बंद होते, मन खचते. हे दुखणे मनाचे खेळ नाहीत; मज्जातंतूला झालेली ती खरी इजा आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. घरातल्यांना एवढे कळले, तरी रुग्णाचा निम्मा एकटेपणा कमी होतो.